काठीचा हिशेब

हिवाळी अधिवेशन लागले की वाशिम जिल्ह्यातून दोन तऱ्हेची माणसे नागपूरच्या वाटेला लागतात. एक असतो मोर्चेकरी. शेतात तूर उभी असते, कापसाची वेचणी अर्धी राहिलेली असते, तरी तो दोन दिवस काढतो. फडक्यात भाकर-चटणी बांधतो, निवेदनाची झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवतो आणि रात्रीच्या गाडीत बसतो. दुसरा असतो बंदोबस्ताचा शिपाई. विदर्भातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याला बोलावणे जाते. वळकटी, शिरस्त्राण आणि काठी घेऊन तो पोलीस गाडीत चढतो आणि नागपुरात एखाद्या शाळेत पथारी टाकतो. कधी कधी दोघांची गावे एकाच शिवेवरची निघतात. सकाळी मात्र ते कठड्याच्या दोन बाजूंना उभे असतात. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात काठी.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला, की सरकार वर्षातून काही दिवस नागपुरात येऊन बसेल. त्या शब्दातूनच ही मोर्च्यांची रीत निघाली. मंत्री मुंबईला राहतात, तिथे जाणे वाशिम-यवतमाळच्या माणसाला परवडत नाही. मग सरकार दारी आले की गाऱ्हाणे घालायचे. पण दाराशी म्हणजे अगदी दाराशी नव्हे. विधानभवनाच्या अलीकडे मोर्चे अडवायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यातली एक मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट. मॉरिस हा मध्य प्रांताचा इंग्रज चीफ कमिशनर. त्याच्या नावाने निघालेल्या त्या कॉलेजाला आज वसंतराव नाईकांचे नाव आहे. नाईक पुसदकडच्या गहुलीचे, म्हणजे वाशिमच्या शेजारचे. पण चौक अजून मॉरिसचाच म्हणून ओळखला जातो. या टी-पॉइंटवर एका संध्याकाळी ११४ माणसे मेली. गोळी एकही सुटली नव्हती.

ही गोष्ट त्या संध्याकाळची आहे. आणि काठी हे असे हत्यार आहे की त्याचा हिशेब कोणी मागत नाही, याचीही आहे.

२३ नोव्हेंबर १९९४

गोवारी म्हणजे गावची गुरे राखणारा समाज. पूर्व विदर्भात, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ या भागांत त्यांची वस्ती. गावातल्या प्रत्येक दावणीची गाय त्यांच्या ओळखीची, पण सातबारावर नाव क्वचित. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन निघते तेव्हा डफड्याच्या तालावर नाचण्याचा मान त्यांचा. वर्षातला तो एक दिवस सोडला तर गाव त्यांच्याकडे फारसे पाहत नाही.

त्यांचे भांडण सरकारी यादीतल्या दोन शब्दांशी होते. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. समाजाचे म्हणणे असे, की गोंड गोवारी म्हणून दुसरे कोणी नाहीतच, ते आम्हीच. सरकारचे म्हणणे वेगळे होते. नावाच्या सारखेपणाचा फायदा घेऊन जमातींच्या सवलती इतरांनी घेऊ नयेत, म्हणून २४ एप्रिल १९८५ रोजी एक शासन निर्णय निघाला. त्यात गोंड गोवारी कोणाला म्हणायचे याचे वर्णन दिले गेले आणि त्या वर्णनात गुराखी गोवारी बसत नव्हता. ज्याची पोरे पहिल्यांदा कॉलेजच्या दारापर्यंत पोचली होती, त्याला दाखल्याच्या खिडकीवरून परत फिरावे लागले. तो निर्णय रद्द करा, ही मागणी घेऊन गोवारी नागपूरला आले.

दिवस बुधवारचा. दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. हजारो माणसे आली, आणि घरदार घेऊन आली. गडीमाणसांनी जायचे आणि बायापोरांनी मागे राहायचे, असा तो मोर्चा नव्हता. कडेवर लेकरे घेतलेल्या बाया होत्या, म्हाताऱ्या होत्या, शाळकरी पोरे होती. मोर्चा टी-पॉइंटवर अडवला गेला. पुढे लोखंडी कठडे, त्यामागे पोलीस. मागून माणसे येतच राहिली आणि रस्ता दोन्ही अंगांनी भरत गेला.

त्यांना हवे होते ते थोडके. एखाद्या मंत्र्याने यावे, निवेदन घ्यावे, दोन शब्द बोलावेत. अधिवेशनातल्या मोर्च्याची सांगता अशीच होते, हे विदर्भातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. निवेदन हातात पडले की घोषणा होतात, नेते भाषण करतात आणि लोक गाडीचा रस्ता धरतात. त्या दिवशी दुपार झाली, ऊन कलले, तरी कोणी आले नाही. संध्याकाळी लाल दिव्याची एक गाडी दिसली आणि मंत्री आले असे वाटून गर्दी पुढे सरकली, असे त्या वेळी तिथे असलेले लोक पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले. पुढे सरकलेल्या गर्दीला मागे रेटण्यासाठी काठ्या उठल्या. पुढचे मागे वळले. मागच्यांना पुढे काय चालले आहे याची कल्पना नव्हती, ते पुढे रेटत राहिले. मध्ये बाया होत्या, मुले होती. कोणी पडले, त्यावर दुसरे पडले. पळायला वाट नव्हती, कारण वाट बंद करण्यासाठीच तर कठडे लावले होते.

११४ माणसे मेली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. जखमी शेकड्यांनी. त्या रात्री नागपूरच्या इस्पितळांत जी प्रेते ओळीने ठेवली होती, त्यांच्या अंगावर गोळीची जखम नव्हती. म्हणूनच पुढच्या सगळ्या गोष्टी वेगळ्या झाल्या.

एका शब्दाची करामत

दुसऱ्या दिवसापासून या घटनेला एक नाव पडले: चेंगराचेंगरी. आजही गोवारी हत्याकांड म्हणणारे समाजातले लोक आणि गोवारी चेंगराचेंगरी म्हणणारी कागदपत्रे अशी दोन नावे शेजारी शेजारी चालतात. शब्द किती महत्त्वाचा असतो ते इथे कळते. गोळीबाराला कर्ता लागतो. गोळी कोणी झाडली, हुकूम कोणी दिला, किती फैरी झाल्या, हे विचारावेच लागते. चेंगराचेंगरीला कर्ता लागत नाही. ती पावसासारखी होते. माणसे माणसांखाली चिरडली, बस.

आमच्या सरकारी मराठीत असे आणखी शब्द आहेत. ‘सौम्य लाठीमार’ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. तो ज्याने पहिल्यांदा कागदावर उतरवला त्याच्या पाठीवर काठी कधी बसली नसावी. ‘बळाचा किमान वापर’ हा दुसरा. किमान म्हणजे किती, ते मोजायचे माप मात्र कुठे ठेवलेले नाही.

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. शरद पवारांचे सरकार पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत गेले. त्याला कारणे पुष्कळ होती, पण टी-पॉइंटची आठवण त्यात नव्हती असे म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती एस. एस. दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने घटना दुर्दैवी ठरवली, पण कोणा मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला दोषी धरले नाही. समाजाला पुढे विशेष मागास प्रवर्गात घालून त्या प्रवर्गाला २ टक्के आरक्षण दिले गेले. झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव दिले गेले. दर २३ नोव्हेंबरला तिथे फुले पडतात.

मूळ मागणीचे काय झाले? १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, आणि गावोगाव गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे. मधल्या काळात ज्यांना प्रवेश वा नोकऱ्या मिळाल्या त्यांचे तेवढे संरक्षण ठेवले. जातीच्या दाखल्याचा प्रश्न असा वरच्या कोर्टापर्यंत गेला, त्याचा काही ना काही निवाडा झाला. ११४ जिवांसाठी मात्र कोणाला शिक्षा झाली नाही.

बासीमची पोलिसी

पोलीस गर्दीकडे असे का पाहतात, हे कळायला वाशिमचा जुना कागद काढावा लागतो. इंग्रजी दप्तरात या गावाचे नाव बासीम. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मुलूख नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. पुढे बासीमचा वेगळा जिल्हाही झाला. इंग्रज येण्याआधी गावची राखण गावचीच होती. पाटील जबाबदार असे आणि महार जागल्या रात्रीची गस्त घाली, चोराचा माग काढी. ती व्यवस्था न्यायाची होती असे समजू नये. गावात ज्याचे वजन त्याचेच ती ऐके. पण राखणदार गावातला होता आणि उद्या त्याच गावात त्याला तोंड दाखवायचे होते.

इंग्रजांनी जी पोलिसी आणली ती मुळात दोन प्रकारची होती, आणि आपल्याकडे त्यातला एकच प्रकार आला. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनसाठी पोलीस उभे केले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती आणि लोकांची संमती हाच त्यांचा आधार मानला गेला. शेजारच्या आयर्लंडसाठी मात्र दुसरा नमुना होता: हत्यारबंद, बराकीत राहणारा, लोकांपासून तुटलेला, जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवणारा. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध घेतले तेव्हा तिथे त्याने हा आयरिश नमुना वापरला. १८५७ चा दणका बसल्यावर १८६१ चा पोलीस कायदा झाला, तो याच वाटेने. इंग्रजांनी स्वतःच्या घरासाठी वेगळे पोलीस ठेवले आणि आपल्यासाठी वेगळे.

ही घडण चुकली, हे खुद्द इंग्रजांनाच चाळीस वर्षांत कळले. १९०२-०३ मध्ये लॉर्ड कर्झनने पोलीस आयोग नेमला. अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर. हा माणूस मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता, नागपूरला बसून कारभार केलेला. आयोगाने पोलिसांविषयी जे लिहिले ते एखाद्या विरोधी पक्षाच्या भाषणात शोभावे: दल कार्यक्षम नाही, प्रशिक्षण आणि देखरेख अपुरी, आणि लोकांच्या मते ते लाचखाऊ नि जुलमी. अहवाल १९०५ मध्ये जाहीर झाला. त्याच साली बासीमचा जिल्हा मोडला आणि वाशिम अकोला जिल्ह्यात गेले. अहवाल दप्तरात गेला आणि पोलीस होते तसेच राहिले.

जुलमाचा पहिला वार कोणावर होतो, हेही याच काळात ठरून गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने माणूस चोर ठरवायची सोय केली. आपल्या भागात फासेपारध्यांच्या बेड्यावर पोलीस आधी जातो आणि गुन्हा मागून सापडतो, ही म्हण नसली तरी अनुभव तसाच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ज्या समाजाची काशी आहे, तो बंजारा समाजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, पण ठाण्यातल्या नजरेतून तो पुरता गेला असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

स्वराज्यातली काठी

महाराष्ट्र राज्य जन्मले तेच गोळीबाराच्या धुरातून. संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनवर आणि मुंबईभर जे मेले त्यांच्या हुतात्मा स्मारकाला प्रत्येक मुख्यमंत्र्याने वंदन केलेले आहे. ज्या राज्याने पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांना हुतात्मा म्हटले, त्याने पोलिसांची घडण सगळ्यात आधी बदलायला हवी होती. तसे झाले नाही.

वाशिमच्या दक्षिणेला शीव ओलांडली की हिंगोलीकडचा मुलूख लागतो. १९८६ मध्ये तो परभणी जिल्ह्यात होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे कापूस आंदोलन तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात पेटले होते. १० डिसेंबरला हिंगोलीकडच्या सुरेगावला रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या कापूसवाल्यांना ती गोळी परकी नव्हती. त्यांचाही कापूस त्याच एकाधिकार खरेदीच्या रांगेत उभा होता.

मधल्या काळात दिल्लीत एक मोठे काम होऊन गेले होते. आणीबाणीनंतर जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले. पहिल्याच अहवालात एक नेमकी शिफारस होती: कोठडीत बलात्कार झाला, कोठडीत मृत्यू वा गंभीर दुखापत झाली, किंवा जमाव पांगवताना पोलीस गोळीबारात दोन वा अधिक माणसे मेली, तर न्यायालयीन चौकशी सक्तीची असावी.

शिफारस चांगली होती. पण तिच्यातला एक शब्द टी-पॉइंटच्या उजेडात वाचून पाहा: गोळीबार. सुरेगावचे तीन शेतकरी त्या शब्दात बसतात, गोवारींचे ११४ बसत नाहीत. सुधारणा सुचवणाऱ्या भल्या माणसांच्या मनातही गोळी हीच जीव घेणारी गोष्ट होती. काठी ही शिस्तीची वस्तू, मास्तरच्या छडीची थोरली बहीण. तिने कोणी मरते हे त्यांच्या हिशेबात आले नाही.

आणि इथेच पोलीस खात्यातला साधा व्यवहार आठवावा. बंदूक घेऊन निघालेल्या शिपायाला किती काडतुसे दिली याची नोंद होते. परत आल्यावर ती मोजून घेतली जातात. एक कमी पडले तरी जाब द्यावा लागतो. काठीला असे रजिस्टर नाही. ती किती वेळा उठली, कोणावर बसली, खांद्यावर की डोक्यावर, पळणाऱ्यावर की पडलेल्यावर, हे कुठल्याच वहीत जात नाही. संध्याकाळी ती कोपऱ्यात उभी राहते आणि सकाळी पुन्हा निघते.

हिशेब मागितला तर काय होते

गोवारी घटनेनंतर तीन वर्षांच्या आत मुंबईत दुसरी घटना घडली. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि १० जण मेले. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर खटला चालला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पुढे त्याला जामीन मिळाला, आणि न्याय पुरा झाला असे रमाबाई नगरातले लोक म्हणत नाहीत. तरीही एक माणूस, त्याचे नाव, त्याने दिलेला हुकूम आणि त्या हुकमाची किंमत इतके तरी कोर्टासमोर आले.

दोन घटना शेजारी ठेवा. एकीकडे १० मृत्यू, दुसरीकडे ११४. दोन्हीकडे मेलेले गरीब, दोन्हीकडे आयोग. एकीकडे बोट ठेवायला माणूस सापडला, दुसरीकडे सापडला नाही. फरक इतकाच, की एकीकडे गोळी होती आणि गोळीचा माग काढता येतो.

कायदाही काठीच्या बाजूने उभा आहे. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमात होता. त्याच्या मागोमाग १३२ वे कलम सांगत असे, की या अधिकाराखाली केलेल्या कृतीसाठी सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलून १४८ आणि १५१ झाले, आशय तोच राहिला. चौकशी आयोगांचेही तसेच. १९५२ च्या कायद्याप्रमाणे आयोग सरकार नेमते, अहवाल सरकारला मिळतो आणि तो सरकारवर बंधनकारक नसतो. सहा महिन्यांत कृती अहवालासह तो सभागृहात ठेवावा असे कलम आहे. कलम आहे, इतकेच.

शिपायाची बाजू

इथे दुसऱ्या माणसाला विसरून चालणार नाही, जो वळकटी घेऊन नागपूरला गेला होता. कठड्यामागे बारा बारा तास उभे राहणारा शिपाई काही राक्षस नसतो. तोही कापूसवाल्याचाच पोरगा. गर्दी हाताळण्याचे शास्त्र त्याला कोणी शिकवत नाही, फक्त ओळ धरायला आणि हुकूम ऐकायला शिकवतात. त्याला आपले गाऱ्हाणे मांडायलाही जागा नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केले. कामाचे तास, घरे, साहेबांच्या बंगल्यावरची चाकरी या त्यांच्या तक्रारी होत्या. सरकारने लष्कर बोलावले, संघटना मोडली, शिपायांना घरी बसवले. वरच्याने खालच्याला कसे वागवायचे हे ज्या खात्यात असे शिकवले जाते, त्यातला शिपाई कठड्यापलीकडच्या माणसाशी वेगळा कसा वागेल?

म्हणून सगळा दोष काठी धरणाऱ्या हातावर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. टी-पॉइंटवर काठी उठण्याआधी एक पूर्ण दिवस गेला होता. त्या दिवसात कोणी तरी जाऊन एक कागद घ्यायचा होता. तो घेतला गेला नाही. पोलीस बळाची जवळपास प्रत्येक गोष्ट अशीच सुरू होते: आधी बोलायचे असते ते बोलले जात नाही आणि मग काठीला बोलायला सांगितले जाते.

सुधारणा आणि तिचे अंतर

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस सुधारणेचे आदेश दिले. सिंग स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले. दहा वर्षे त्यांनी हा खटला लढवला. अधिकाऱ्यांच्या मनमानी बदल्या थांबवा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात तसेच प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण ठेवा, असा त्या आदेशांचा गाभा.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. तक्रार प्राधिकरण आले, पण जिल्ह्याच्या जागी विभाग आला. म्हणजे वाशिमच्या माणसाला ठाणेदाराविरुद्ध दाद मागायची तर कायदा त्याला अमरावती विभागाकडे बोट दाखवतो, आणि त्या विभागात वाशिम, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, अमरावती असे पाच जिल्हे. ठाण्यात मार खाल्लेला रिसोडचा मजूर दोन दिवसांची मजुरी बुडवून अमरावतीला जाईल, ही अपेक्षा ज्याने केली त्याने एसटीचे तिकीट कधी काढले नसावे. शिवाय प्राधिकरणाच्या दारात जायला कोठडीतला मृत्यू, बलात्कार, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशी मोठी तक्रार लागते. काठीचा वळ त्या यादीत बसणे अवघड.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हा महाराष्ट्राने एकच प्रश्न विचारला: हुकूम कोणी दिला? गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले. माफी मागितली ही चांगली गोष्ट. पण तो प्रश्न लोकांना विचारावा लागला, हेच मुळात चुकीचे आहे. त्याचे उत्तर त्याच संध्याकाळी एका वहीत लिहिलेले असायला हवे होते.

हे अशक्य नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१७ पासून पोलिसाने बळ वापरले की तो फॉर्म भरतो. काठी काढली, बेडी घातली, हात पिरगाळला, प्रत्येकाची नोंद. दरवर्षी ते आकडे सरकार जाहीर करते. ज्यांनी आपल्याला आयरिश नमुन्याची काठी दिली ते आपल्या काठीचा हिशेब ठेवू लागले, आणि आपण अजून सौम्य की जोरदार यावर वाद घालतो आहोत.

गोवारींनी तीस वर्षांपूर्वी जे मागितले ते त्यांना मिळाले नाही. आपण निदान एवढे मागू. लाठीमाराचा हुकूम लेखी असावा, देणाऱ्याच्या नावासह. काठी उठली तर त्याच रात्री नोंद व्हावी आणि ती आठ दिवसांत लोकांसमोर यावी. मेलेला माणूस गोळीने मेला की काठीने, यावर चौकशी अवलंबून नसावी. मोर्चा अडवला की निवेदन घ्यायला कोण येणार, त्याचे नाव आणि वेळ सकाळीच ठरलेली असावी. आणि तक्रारीचे दार जिल्ह्यात असावे.

पुढच्या अधिवेशनात वाशिमहून जो कोणी आपले निवेदन घेऊन नागपूरला जाईल, त्याची मागणी तुरीच्या भावाची असो, दाखल्याची असो वा रस्त्याची, त्याने तिच्याखाली ही मागणीही लिहावी. कठड्यापलीकडे उभा असलेला शेजारगावचा शिपाईही ती वाचेल. तिच्यात त्याचेही भले आहे.